सतरंजी कोणी घालायची, ठराव कोणी मांडायचा

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगायला कोणीही उभे राहिले की १८४३ साल येते, सांगली येते, विष्णुदास भावे आणि त्यांचे ‘सीतास्वयंवर’ येते. ते यायलाच हवे. पण त्यानंतर बारा वर्षांनी, १८५५ मध्ये, पुण्यातल्या एका तरुण शिक्षकाने नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले होते, याची आठवण क्वचितच कोणी काढतो. गरोदर कुणबी बाई, तिला ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी, आणि शेवटी शिक्षणाची वाट धरणारे नवरा-बायको, अशी त्या नाटकाची गोष्ट. नाटकाचे नाव ‘तृतीय रत्न’, लेखक जोतीराव फुले. कमिटीने ते नाकारले. भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त लिहून ठेवले आहे. ते नाटक छापील रूपात वाचकांपुढे यायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

फुल्यांना लिहायला कोणी बंदी केली नव्हती. त्यांची वही कोणी हिसकावून घेतली नव्हती. एका कमिटीने बसून निर्णय घेतला, एवढेच घडले. कलेच्या क्षेत्रातला अन्याय बहुतेक वेळा असाच होतो. तो बैठकीत होतो, बहुमताने होतो, आणि इतिवृत्तात त्याची रीतसर नोंद होते. त्यात सहभागी झालेल्यांपैकी कोणालाही आपण अन्याय केला असे वाटत नाही.

आपल्या गावोगावच्या हौशी नाट्यसंस्था, म्युझिक सर्कल, कलामंडळे, वाचनालयांचे सांस्कृतिक विभाग, महाराष्ट्राबाहेरची महाराष्ट्र मंडळे या सगळ्यांविषयी मला बोलायचे आहे. या संस्था सरकारच्या नाहीत, धंद्याच्या नाहीत. वर्गणी काढून, पदरमोड करून, संध्याकाळच्या संध्याकाळ घालवून माणसांनी त्या उभ्या केल्या. त्यांच्यामुळे लहान गावातल्या मुलाला पहिला रंगमंच मिळाला, तालुक्याच्या ठिकाणी मोठ्या गवयाचे गाणे समोर बसून ऐकता आले. हे ऋण मी मानतो, आणि मानतो म्हणूनच बोलतो. या संस्थांनी कला सर्वांकडून घेतली. निर्णय मात्र थोड्यांच्या हाती ठेवले. समावेशाचा प्रश्न आपण मंचावर कोण दिसतो याच्याशी जोडून मोकळे होतो. त्याचे खरे ठिकाण कार्यकारिणीची बैठक आहे. वर्षातून एक दिवस लोककलेचा कार्यक्रम ठेवला, एका उपेक्षित कलावंताचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, महिला दिनाला महिलांचे नाटक केले, तरी संस्था जिथल्या तिथे राहते. कोणते नाटक करायचे, कोणाला बोलवायचे, पैसा कशावर खर्च करायचा, सभासद कोणाला करायचे, हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती कोण बसले आहे, ते बदलले तरच संस्था बदलते.

याला मिळणारे पहिले उत्तर ठरलेले आहे. ‘आम्ही कोणाला अडवत नाही. दार उघडे आहे. तेच येत नाहीत.’ हे उत्तर देणारी माणसे खोटे बोलत नसतात. पण त्या दारातून आत जाण्याची रीत काय आहे, ते एकदा कागदावर तपासावे. आपल्याकडच्या बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. प्रत्येकीची घटना असते. त्या घटनेत सभासदत्वाचे कलम असते, आणि अनेक ठिकाणी त्यात लिहिलेले असते की नव्या सभासदाच्या अर्जावर विद्यमान सभासदांपैकी एक सूचक आणि एक अनुमोदक हवा, आणि अर्ज मंजूर करण्याचा अधिकार कार्यकारिणीचा राहील. वाचायला हे अगदी निरुपद्रवी आहे. पण सूचक कोणाला मिळतो? ज्याची संस्थेत आधीच ओळख आहे त्याला. ओळख कोणाची असते? एकाच आळीत राहणाऱ्यांची, एकाच शाळेत शिकलेल्यांची, लग्नकार्यात एकमेकांकडे जेवणाऱ्यांची. म्हणजे घटनेत जातीचा उल्लेख नाही, वस्तीचा नाही, तरी पन्नास वर्षांनी सभासदांची यादी उघडली की आडनावांवरून गावाचा एक कोपरा तेवढा दिसतो. कोणी कट केला नाही. कलमानेच हे काम केले.

त्यात आजीव सभासदांची भर पडते. संस्था स्थापन होताना जे आजीव झाले त्यांचा मताधिकार जन्मभर राहतो, आणि पुढे आजीव वर्गणी वाढत जाते. वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी, गणपूर्तीची अट न लागता, पुन्हा भरते. मग उपस्थित असलेले दहा-बाराजण पुढच्या तीन किंवा पाच वर्षांची कार्यकारिणी ‘बिनविरोध’ निवडतात. हे सगळे कायदेशीर आहे. अशा सभांना मी बसलो आहे आणि तिथल्या माणसांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. त्यातले कित्येकजण स्वतःच्या खिशातून सभागृहाचे भाडे भरतात. पण जो कधी या सभेला आलाच नाही, त्याच्यापर्यंत सभेची सूचना पोहोचली होती का, हा प्रश्न तिथे निघत नाही.

‘तेच येत नाहीत’ या म्हणण्यालाही फुल्यांनी उत्तर देऊन ठेवले आहे. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांमार्फत त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी जाण्याचे नाकारले आणि कारण पत्राने कळवले. जे आमचे माणूस म्हणून असलेले हक्क खुल्या दिलाने मान्य करत नाहीत, ज्यांच्या ग्रंथांत आमचे सुखदुःख नाही, त्यांच्या सभेत येऊन बसण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. निमंत्रण होते, तरी ते गेले नाहीत. बोलावणाऱ्यांना कदाचित वाईटही वाटले असेल. पण न येणाऱ्याकडे न येण्याचे कारण असते आणि ते कारण अनेकदा बोलावणाऱ्याच्या घरातच असते, हे त्या पत्राने दीडशे वर्षांपूर्वीच्या जवळपास सांगितले. आजच्या कार्यकारिण्यांनी ते एकदा एकत्र बसून वाचावे.

आता ज्या कलेचा या संस्थांना अभिमान आहे, ती कोणी घडवली ते पाहू. आपल्या म्युझिक सर्कलमध्ये ज्या गायकीच्या नावाने मान डोलते, ती जयपूर-अत्रौली गायकी महाराष्ट्रात रुजली ती शाहू महाराजांच्या कोल्हापुरात राहिलेल्या अल्लादिया खाँसाहेबांमुळे. त्यांच्याकडून ती केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी घेतली. दोघीही गोव्याच्या कलावंत समाजातल्या. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. त्या गुरूंचे गुरू अब्दुल करीम खाँ, आणि त्यांच्या स्मृतीत आजही मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी संगीत होते. त्याच मिरजेत शिकलगारांच्या घराण्यांनी सतारी-तंबोरे घडवायला सुरुवात केली. उस्ताद मुसलमान, गायिका कलावंत समाजातल्या, तंबोरा करणारे कारागीर मुसलमान. या तिन्हींवर उभे असलेले एखादे सर्कल पाहावे आणि त्याच्या कार्यकारिणीत यांच्यापैकी कोणाची मुले-नातवंडे आहेत का ते शोधावे. मोगूबाईंसारख्या गायिकेच्या वाट्याला मैफलींच्या ठिकाणी कशी वागणूक येत असे, ते त्यांच्या कन्या किशोरी आमोणकरांनी जाहीरपणे सांगितले आहे. गाणे हवे होते, गाणारीला मान द्यायचा नव्हता. ते दिवस गेले असे आपण म्हणतो. पण मानाचा प्रश्न गेला आणि अधिकाराचा तसाच राहिला.

तमाशाची गोष्ट आणखी उघड आहे. महार, मांग, कोल्हाटी समाजांनी हा खेळ जगवला. संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा फडावर उभी राहिली, तिच्यासाठी पठ्ठे बापूरावांनी लावण्या रचल्या, आणि गावेच्या गावे तो खेळ पाहायला लोटली. स्वातंत्र्याच्या आधीपासूनच अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांनी याच रूपाला लोकनाट्य करून कामगारवस्तीत नेले. मग शहरातल्या नाट्यसंस्थांनी वगाचा बाज उचलला, गण-गवळण-बतावणी उचलली, आणि त्यातून काही चांगली नाटके झाली. रूप घेण्यात वाईट काही नाही. कला अशीच वाढते. पण विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि पुन्हा १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळूनही शेवटच्या दिवसांत औषधपाण्याची विवंचना पडली. २००२ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावाने राज्य शासन आता जीवनगौरव पुरस्कार देते. तमाशाचा बाज घेऊन राज्य नाट्य स्पर्धेत बक्षिसे मिळवणाऱ्या संस्थांपैकी कितींनी एखाद्या फडातल्या कलावंतिणीला मानधन देऊन आपल्या मुलांना शिकवायला बोलावले? कितींनी तिला सल्लागार म्हणून श्रेयनामावलीत जागा दिली?

हेच हलगीचे. ढोल-ताशा पथकांमध्ये आज शिकलेली, नोकरदार मुले-मुली मोठ्या संख्येने येतात आणि विशेषतः मुलींनी कमरेला ढोल बांधला याचा मला मनापासून आनंद आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या गावकीचे काम म्हणून हलगी वाजवणाऱ्या मांग-महार वाजंत्र्यांना त्याच मिरवणुकीत तासाच्या बोलीवर आणले जाते आणि काम झाले की पैसे देऊन पाठवले जाते. एकाचे वादन कला ठरते, त्याला गणवेश, सराव, ध्वजपथक मिळते. दुसऱ्याचे वादन मजुरी ठरते. वारली चित्रांच्या कार्यशाळा शहरांत भरतात, शिकवणारी व्यक्ती शहरातली असते, शिकणारी शहरातली असते, आणि जिव्या सोमा म्हसे यांचे नाव प्रास्ताविकात एकदा घेतले की वारली समाजाशी संबंध संपतो.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. ‘आम्हाला गुणवत्ता बघावी लागते. कलेत जात आणू नका.’ गुणवत्ता बघितलीच पाहिजे. वाईट नाटक चांगल्या हेतूने केले म्हणून चांगले होत नाही. प्रश्न एवढाच आहे की गुणवत्तेचे माप कोणाच्या सवयीतून आले. स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचे मोठेपण वादातीत आहे. पण त्यांच्या काळात घरंदाज बाईने रंगमंचावर उभे राहणे हेच मुळात गैर मानले जात होते, त्यामुळे स्त्रीची भूमिका स्त्रीने केली तर कशी दिसेल, याची तुलना करायलाच प्रेक्षकाला जागा नव्हती. स्त्री नाटक मंडळ्या त्याही आधी होत्या, पण त्यांतल्या बायका ‘तसल्या’ समजल्या गेल्या आणि त्यांची गुणवत्ता कोणी मोजली नाही. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ केले, त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी भूमिका केल्या, आणि थोड्याच वर्षांत पुरुषाने स्त्रीभूमिका करणे हेच विचित्र वाटू लागले. माप बदलायला एक पिढीसुद्धा लागली नाही. त्याआधीची नव्वद वर्षे जे माप अटळ वाटत होते, ते फक्त जुने होते.

भाषेचे माप आजही तसेच आहे. हौशी संस्थांच्या वाचनांत ‘उच्चार शुद्ध नाहीत’ हा शेरा किती सहज मारला जातो! ‘न’ आणि ‘ण’ यांत ज्याची चूक होते, त्याला नायकाची भूमिका मिळत नाही; त्याला गडी, हवालदार, विनोदी नातेवाईक मिळतो. त्याच्या घरची भाषा नाटकात येते ती हशा घेण्यासाठी. आणि मग गंगाराम गवाणकरांचे मालवणी ‘वस्त्रहरण’ हजारो प्रयोग करते, लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ घेऊन एकट्याने जग फिरतात, राजकुमार तांगडे यांचे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ जालना जिल्ह्यातल्या गावाकडच्या कलावंतांना घेऊन उभे राहते आणि मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला खुर्चीत नीट बसू देत नाही. प्रत्येक वेळी आपण आश्चर्य करतो, आणि पुन्हा तेच उच्चाराचे माप खिशातून काढतो.

पूर्व विदर्भात झाडीपट्टीची रंगभूमी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू होतात, होळीपर्यंत गावोगाव रात्रभर तिकीट लावून नाटके होतात, आणि देसाईगंज-वडसा हे या सगळ्याचे केंद्र आहे. तिथले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा राज्याच्या उरलेल्या भागातल्या पुष्कळ रसिकांनी ‘झाडीपट्टी’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. ज्या काळात आपण ‘नाटकाला प्रेक्षक नाही’ म्हणून परिसंवाद घेत होतो, त्याच काळात तिथे शेतमजूर बाया-बापे थंडीत रात्र जागून तिकिटाचे नाटक बघत होते. त्या परिसंवादांच्या व्यासपीठावर त्यांच्यातले कोणी असते, तर चर्चेला निदान दिशा मिळाली असती. निर्णयाच्या जागी वेगळी माणसे हवीत, त्यात न्याय आहेच. त्यांच्याकडे आपल्याजवळ नसलेले ज्ञान असते, हेही तितकेच मोठे कारण आहे.

स्त्रियांच्या बाबतीत संस्था स्वतःला निर्दोष समजतात, कारण मंचावर स्त्रिया पुष्कळ दिसतात. बैठकीत पाहा. स्वागत, रांगोळी, सत्कारमूर्तींना ओवाळणे, सूत्रसंचालन आणि अलीकडे फेसबुकचे पान, ही कामे स्त्रियांकडे. खजिनदार, प्रमुख कार्यवाह, निवड समितीचा अध्यक्ष पुरुष. तालमी रात्री आठ ते अकरा. शेवटची एसटी साडेनऊला असते, हे तालमीची वेळ ठरवणाऱ्याला माहीत नसते, कारण त्याची मोटारसायकल दारात उभी असते. घरी लहान मूल, म्हातारी सासू आणि सकाळी सातचा डबा असलेल्या बाईला ‘नाटकाची आवड आहे पण वेळ देत नाही’ असे म्हणणे क्रूर आहे. आणि तालमीत, दौऱ्यावर कोणी गैर वागले तर तिने कोणाला सांगायचे? २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती सक्तीची केली. हौशी संस्थेत पगारी कर्मचारी नाहीत असे सांगून समिती नेमली जात नाही, म्हणून तक्रार थेट त्याच दिग्दर्शकाच्या मित्रांकडे जाते. बहुतेक मुली तक्रार करत नाहीत. त्या पुढच्या नाटकाला येत नाहीत, आणि संस्था म्हणते, लग्न ठरले असेल.

नियमाने काय होऊ शकते याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. ग्रंथकारांचे पहिले संमेलन १८७८ चे. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, कुसुमावती देशपांडे, १९६१ मध्ये आल्या. ८३ वर्षे लागली. २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष झाल्या आणि मग पुन्हा अठरा वर्षे एकही स्त्री नाही. निवडणूक मर्यादित मतदारयादीवर होत असे, उमेदवाराने मतदारांच्या भेटी घेत फिरावे लागे, आणि अनेक मोठ्या लेखकांना, विशेषतः लेखिकांना, ते नको असे. साहित्य महामंडळाने २०१८ मध्ये ही पद्धत बदलून सन्मानाने अध्यक्ष निवडायचे ठरवले आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनाला अरुणा ढेरे अध्यक्ष झाल्या. दिल्लीच्या ९८ व्या संमेलनाला, २०२५ मध्ये, तारा भवाळकर आल्या. त्या सहाव्या स्त्री अध्यक्ष. नियम बदलला म्हणून सगळे साधले असे अजिबात नाही. ९८ संमेलनांत सहा ही संख्या शरमेची आहे. पण अठरा वर्षे न सुटलेली गाठ एका नियमाच्या बदलाने लगेच सुटली, हे नाकारता येत नाही.

अपंगत्वाविषयी तर विचारच सुरू व्हायचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांस्कृतिक जीवनात आणि मनोरंजनात सहभागाचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. आपल्या नाट्यगृहांत कुठे रॅम्प असलाच तर तो प्रेक्षागृहापर्यंत येतो, रंगमंचापर्यंत जात नाही. विंगेत पायऱ्या असतात, रंगपटात आणि तिथल्या स्वच्छतागृहात चाकाची खुर्ची शिरत नाही. म्हणजे बांधणाऱ्याने गृहीत धरले की अपंग माणूस आला तर बघायला येईल, नट म्हणून येणार नाही. स्वागत थोरातांनी अंध कलावंतांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ उभे केले तेव्हा अंध नटाला रंगमंचाचा अंदाज कसा घेता येतो, हालचाली कशा बसवता येतात, याचे उत्तर मिळाले. दिव्यांग मुलांसाठी स्वतंत्र बालनाट्य स्पर्धा आहे, तीही हवी. पण कायम वेगळ्याच स्पर्धेत, वेगळ्याच दिवशी, वेगळ्याच टाळ्यांसाठी उभे राहायचे असेल तर त्याला सामावून घेणे म्हणता येत नाही. तुमच्या संस्थेच्या पुढच्या नाटकात कुबडी घेतलेला नट वकिलाची भूमिका करू शकतो, आणि नाटकात त्या कुबडीचा उल्लेखही व्हायची गरज नाही.

ठाण्यात रत्नाकर मतकरींनी २०१४ च्या सुमारास समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. वस्त्यांमधली मुले विषय स्वतः शोधतात, नाटिका स्वतः रचतात, स्वतः करतात. अनुभवी रंगकर्मी त्यांना तंत्राची मदत करतात. पाणी, दारू, शाळा सुटणे, घर पाडले जाणे, हे विषय कोणी बाहेरून दिलेले नसतात. मतकरींसारख्या नाटककाराने ठरवले असते तर त्या मुलांकडून स्वतःची संहिता उत्तम बसवून घेतली असती, प्रयोग कदाचित अधिक रेखीव झाला असता. ते त्यांनी केले नाही. मतकरी २०२० मध्ये गेले. काम चालू राहिले, कारण ते कोणा एकाच्या मालकीचे झाले नव्हते.

यातून संस्थांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे. सर्वात आधी सभासदत्वाचे कलम बदला. सूचक-अनुमोदकाची अट काढा, अर्ज नाकारायचा तर कारण लेखी द्या. वर्गणी हप्त्याने घ्या आणि जे संस्थेसाठी तालमीला, सेटला, प्रकाशयोजनेला वर्षभर हात लावतात त्यांना त्या श्रमाच्या बदल्यात सभासद करून घ्या. सतरंजी घालणारा मुलगा दहा वर्षे सतरंजीच घालत असेल आणि त्याला मत नसेल, तर ती संस्था त्याच्यासाठी नोकरीसुद्धा नाही, कारण नोकरीत निदान पगार असतो. पदाधिकाऱ्यांना सलग दोनपेक्षा अधिक मुदती नकोत. संहिता निवडताना निकष आधी जाहीर करा आणि निवड समितीत निम्मी माणसे अशी घ्या ज्यांनी गेल्या पाच वर्षांत संस्थेत कोणतेच पद भूषवलेले नाही. लोककलावंताला बोलावले तर मानधन आधी ठरवा, प्रवासखर्च वेगळा द्या, सत्कारावर भागवू नका. तालमी एखाद-दुसऱ्या महिन्यात रविवारी सकाळी, समाजमंदिरात किंवा नगरपालिकेच्या शाळेत ठेवून पाहा. तिथे कोण येते ते कळेल.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. कार्यकारिणीत एक दलित सभासद, एक मुस्लिम सभासद, एक स्त्री घेतली आणि त्यांना आंबेडकर जयंती, ईद मिलन आणि महिला दिन वाटून दिला, असे झाले तर तो नवा अपमान आहे. त्या माणसालाही नेपथ्याबद्दल मत असते, अंदाजपत्रकातल्या चुका दिसतात, पुढच्या वर्षी विजय तेंडुलकर करायचे की प्रेमानंद गज्वी, यावर वाद घालायचा असतो. एकट्या माणसाच्या खांद्यावर अख्ख्या समाजाची बाजू ठेवू नका. तीन-चारजण एकदम आत आले की त्यांच्यातही मतभेद होतात, आणि मतभेद करण्याची मोकळीक मिळाली की माणूस पाहुणा राहत नाही.

आणि ‘जात आणू नका’ म्हणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: ती आणायची गरज नाही, ती सभासदांच्या यादीत आहे. ती काढायची असेल तर आधी यादी वाचावी लागेल. तुम्ही ज्या संस्थेचे सभासद आहात तिची घटना मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. पुढच्या वार्षिक सभेला जा, तहकूब होण्याआधी जा, ज्यांना कधीच सूचना मिळाली नाही अशा दोघांना बरोबर घेऊन जा, आणि सभासदत्वाचे कलम बदलण्याचा ठराव लेखी मांडा. तो पडला तरी इतिवृत्तात राहील, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मांडता येईल.